अडकलेली चेन

आमच्या चर्चच्या मंडळीत कपडे गोळा करायचे ठरले की मी कपाट उघडायची आणि तासाभरात पिशवी भरून मोकळी व्हायची. वर स्वतःचंच कौतुक. या खेपेला पिशवीला गाठ मारत होते, तेवढ्यात पलंगावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ते निळं जाकीट काढ बघू."

काढलं. त्यांनी चेन वर ओढली. ती नेहमीसारखी अर्ध्यावर अडकली. डाव्या बाहीचं अस्तरही उसवून लोंबत होतं.

"हे तू का घालत नाहीस?"

"चेन लागत नाही, आई."

"मग जिला देणार तिला लागणार आहे का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं दुसरं, तपकिरी जाकीट तिथेच हँगरला होतं. ते द्यावं असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही करावं तरी काय? तो उपास-तापास सांगत नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याजवळ नाही त्याला एक द्यावा, एवढंच. दोनांतला जुना द्यावा, असं काही त्यात नाही. मीच ते मनातल्या मनात जोडून वाचत आले होते. चौथ्या शतकात कप्पदुकियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कैसरियाचा बिशप बासिल तर आपल्या श्रोत्यांना याहून कडक बोलला होता: पेटीत ठेवून दिलेला झगा तुझा नाहीच, तो उघड्या माणसाचा आहे.

हे सगळं पाठ असूनही मला दोन दिवस लागले. तपकिरी जाकिटाच्या खिशात माझा हातरुमाल होता आणि बसचं जुनं तिकीट. ते बाहेर काढताना जीव खरोखर कळवळला. एका जाकिटासाठी! निळ्याला शिंप्याकडून नवी चेन लावून घेतली, आता तेच घालते. (उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, असं प्रभूने सांगितलंय आणि मी इथे चारचौघांत सांगत बसलेय. पण यात मिरवण्यासारखं फारसं नाही, म्हणून लिहिते.)

तेव्हापासून जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायातला सरव्याचा नियम माझ्या डोक्यात घोळतोय. शेताच्या कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या. कोणी कोणापुढे हात पसरायचा नाही. यायचं, वेचायचं, जायचं. रूथच्या गोष्टीतला शेतमालक बवाज तर गड्यांना सांगतो, सरवा वेचायला आलेल्या परक्या विधवेसाठी, रूथसाठी, पेंढ्यांतली कणसं मुद्दाम खाली टाका आणि तिला रागावू नका. हे 'रागावू नका' मला फार आवडतं.

माझ्याकडे शेत नाही. शनिवारची संध्याकाळ आहे. त्यातले दोन तास मी कशालाच देत नाही. कुणी फॉर्म भरून घ्यायला येतं. मंडळीतले एक आजोबा डोळ्यांनी अधू झालेत, ते आलेली पत्रं वाचून घेतात, आणि एकच पत्र दोनदा. कधी कुणीच येत नाही, मग मी झोप काढते.

घेणं मात्र मला जमत नाही. मागे मनगट मोडलं, हात प्लॅस्टरमध्ये. मंडळीतली एक बाई, जिच्याशी माझं वर्षभर धड बोलणं नव्हतं, रोज सकाळी कामावर जायच्या आधी येऊन माझी वेणी घालायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "कशाला, सासूबाई घालतील की." ती म्हणाली, "त्यांचे हात थरथरतात, मला माहितेय." आणि कंगवा घेऊन मागे उभी राहिली. त्यासाठी तिला नेहमीपेक्षा तासभर लवकर उठावं लागायचं, हे मला नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तुरुंगातल्या प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीने पाठवलेली भेट स्वीकारली आणि त्यांना लिहिलेल्या पत्रात तसं मोकळेपणाने लिहिलं. मला तर साधं 'थँक्यू' म्हणायला चौथा दिवस उजाडला.

वेणी घट्ट असायची, पण भांग वाकडा. ती गेल्यावर आरशात बघायचे आणि तसाच ठेवून द्यायचे.