तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापुरात बसून गॅमा किरणांतला पल्सार कसा पाहायचा?

‘पावसाळ्यात कोल्हापुरात महिनोन्महिने आकाश दिसत नाही, मग पल्सारांचा अभ्यास होतो कसा?’ असं विद्यार्थी नेहमी विचारतात. पल्सार म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा आणि दर फेरीला प्रकाशाचा स्पंद पाठवणारा मृत तारा. त्याचे गॅमा किरण वातावरणातच अडतात, त्यामुळे इथली निरभ्र रात्रही या कामाला उपयोगाची नाही. ते टिपते 2008 साली सोडलेली फर्मी ही अवकाश दुर्बीण. तिची निरीक्षणं कुणालाही मोफत मिळतात. राजारामपुरीतल्या खोलीत लॅपटॉप आणि बरं इंटरनेट असलं की पुरे.

सुरुवात वेला पल्सारपासूनच करा. गॅमा किरणांत तो फार तेजस्वी आहे. स्वतःभोवती सेकंदाला सुमारे 11 फेऱ्या मारतो, पण त्याचा एक फोटॉन (प्रकाशाचा कण) दुर्बिणीत आल्यावर दुसरा येईपर्यंत शंभराहून जास्त फेऱ्या उलटून जातात! सुटा स्पंद दिसतच नाही. म्हणून महिनोन्महिन्यांचे फोटॉन घेऊन प्रत्येक फोटॉन फेरीच्या कितव्या भागात आला ते काढायचं आणि सगळे एकाच फेरीवर रचायचे. मग दोन टोकदार शिखरं वर येतात, एकमेकांपासून फेरीच्या साधारण 0.43 भागावर. या कामातला सगळ्यात सुंदर आलेख तोच.

दुर्बिणीच्या फाइल दोन लागतात: एक फोटॉनांची, दुसरी यानाच्या स्थितीची. फर्मीच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘जीटीसिलेक्ट’ या आज्ञेने 300 एमईव्हीच्या (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक) वरचे, पल्सारभोवती 2 अंशांतले फोटॉन निवडा. 100 एमईव्हीला दिशा सुमारे 5 अंशांनी पसरते, तिथून सुरुवात केलीत तर आकाशगंगेचा उजेडच जास्त गोळा होईल. शिरोबिंदूपासूनचा कोन 90 अंशांवर तोडा, कारण पृथ्वीच्या कडेचं वातावरणही गॅमा किरण सोडतं. मग निरीक्षणाच्या चांगल्या वेळा तेवढ्या ठेवणारी ‘जीटीएमकेटाइम’, आणि ‘जीटीबॅरी’ अगदी शेवटी. ‘जीटीबॅरी’ वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेते. ती आधी चालवलीत तर वेळा यानाच्या फाइलशी जुळत नाहीत आणि पुढचं सगळं बिघडतं.

एवढं करूनही शिखरं फिस्कटली, तर आधी, फोटॉन फेरीच्या कितव्या भागात आला हे जिच्यावरून काढलंत ती पल्सारच्या फिरण्याच्या गणिताची वेगळी फाइल कोणत्या तारखांपर्यंत लागू आहे ते पाहा. वेलाची गती अधूनमधून एकदम साधारण दहा लाखांत एका भागाने वाढते. वाढ एवढीशी, पण दिवसाभरातच हिशेब एका पूर्ण फेरीने चुकतो. मिलिसेकंद पल्सार (काही मिलिसेकंदांत एक फेरी मारणारा) घेतलात तर त्याची आकाशातली जागाही तपासा: एका विकलेची (अंशाच्या 3600व्या भागाची) चूक वेळेत 2.4 मिलिसेकंदांपर्यंत फरक पाडते, आणि 3 मिलिसेकंदांत फिरणाऱ्या ताऱ्याचा आलेख तेवढ्याने सपाट होतो.