काळे पट्टे

“आई, तुझा फोन लुकलुकतोय बघ!”

लेकीने तिच्या कॅमेऱ्याचा शटर स्पीड वाढवून तो माझ्या स्क्रीनवर धरला होता. पांढऱ्या पानावरून काळे पट्टे सरसर सरकत होते. नुसत्या डोळ्यांना मात्र काही म्हणजे काही नाही.

महिनाभर कपाळ ठणकतंय. चष्म्याचा नंबर तपासून झाला, बाम चोळून झाला. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून मीच ब्राइटनेस अगदी तळाला न्यायचे. आणि ही ओएलईडी, म्हणजे ठिपका-ठिपका स्वतःच उजळणारी, स्क्रीन उजेड कमी करायला चक्क बंद-चालू होत राहते, कितीतरी फोनांत सेकंदाला 240 वेळा! ब्राइटनेस जितका कमी, तितका अंधार जास्त वेळ.

आज दिवा लावून, ब्राइटनेस वाढवून वाचतेय. नवरा मात्र तसल्याच फोनवर तासन्‌तास खुशाल असतो.

तुमच्यापैकी कुणाला होतं का असं?