आधी कोणाला बसवलं

मंगळवार, रात्री साडेअकरा

३६ टक्के, असं दादाला फोनवर सांगून मोकळी झाले. संख्याशास्त्राच्या व्हिडिओ-कोर्सच्या सरावाच्या फाइलवरून काढलेला, घरांच्या भाड्यांतल्या फरकात खोल्यांच्या संख्येचा वाटा ३६ टक्के. फोन ठेवला, सहज म्हणून मॉडेलमध्ये (भाड्याचा अंदाज बांधणाऱ्या सूत्रात) कार्पेट एरिया आधी लिहिला आणि खोल्या नंतर, पुन्हा चालवलं. खोल्यांसमोर ७.६ टक्के आलं. फाइल तीच, एकाही आकड्याला हात लावलेला नाही, फक्त दोन शब्दांची अदलाबदल.

तेव्हापासून चैन नाही. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं, पण चूक नाहीच. दोन्ही आकडे बरोबर आहेत, हेच पचत नाही.

कोर्सच्या व्हिडिओत ह्यावर एकच वाक्य होतं, ते आज परत जाऊन शोधलं. "गट सारख्या संख्येचे असतील तर क्रमाने फरक पडत नाही." दीडपट वेगाने ऐकताना ते वाक्य कानावरून गेलं होतं. समोर फळा आणि सर असते तर हात वर केला असता, सरांनी तिथेच थांबून... जाऊ दे.

वहीत मांडून बघितलं, कारण स्क्रीनवरचा तक्ता नुसता बघून काही उमगत नाही. सरावाच्या फाइलमध्ये भाडं आणि कार्पेट यांचा सहसंबंध (दोघं किती सोबत वाढतात, १ म्हणजे पूर्ण) ०.८, भाडं आणि खोल्यांचा ०.६. कार्पेट आणि खोल्या एकमेकांशी ०.९, म्हणजे दोघं जवळजवळ हातात हात घालूनच फिरतात. खोल्या एकट्या घेतल्या तर त्यांचा वाटा म्हणजे सहसंबंधाचा वर्ग: ०.६ चा वर्ग, ०.३६. कार्पेट एकटं घेतलं तर ०.६४. बेरीज बरोबर १०० टक्के भरते आणि माणूस तिथेच फसतो. प्रत्यक्षात दोघांचं मिळून आर-वर्ग, म्हणजे भाड्यांतल्या फरकाचा दोघांनी उलगडलेला भाग, ०.७१६ येतं. त्यातलं फक्त कार्पेटचं असं ०.३५६, फक्त खोल्यांचं ०.०७६, आणि मधलं ०.२८४ दोघांचं सामाईक. ज्याला आधी बसवाल तो ते सामाईक ताट आपल्याकडे ओढून घेतो. खोल्या आधी बसल्या, ०.०७६ अधिक ०.२८४, झाले ०.३६. हेच मी दादाला सांगितलं होतं.

मग खोल्यांचा वाटा किती? पुन्हा पुन्हा तिथेच येते. सामाईक ०.२८४ मध्ये रेघ कुठे मारायची ते डेटा सांगत नाही, कारण मोठ्या घराला खोल्या जास्त असतातच.

आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲनोव्हाचा (फरकाची वाटणी करून गटांच्या सरासऱ्या तपासायची पद्धत) तक्ता काढला की तो असा क्रमाने हिशेब करतो, त्याला टाइप १ म्हणतात. एसपीएसएस हे दुसरं सॉफ्टवेअर न सांगता टाइप ३ देतं. तिथे प्रत्येक चल (इथे कार्पेट आणि खोल्या) सगळ्यांच्या शेवटी आला असं धरून मोजला जातो, म्हणजे कार्पेटला ०.३५६, खोल्यांना ०.०७६, आणि सामाईक भाग कोणाच्याच नावावर नाही. एकाच फाइलवर आर आणि एसपीएसएस या दोघांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हा आधी हे तपासायचं. मॉडेलच्या समरीमधल्या टी व्हॅल्यू (आकडा त्याच्या संभाव्य त्रुटीच्या किती पट आहे ते) मात्र दोन्हीकडे सारख्याच, त्या नेहमी "बाकीचे आधीच बसलेत" असं धरूनच येतात.

आणि सहगुणक, म्हणजे एक खोली वाढली की भाडं किती बदलतं तो आकडा! तो तर उलटाच झाला. खोल्यांचा भाड्याशी सहसंबंध अधिक ०.६, आणि कार्पेट सोबत घेतल्यावर सहगुणक उणे. गणित एवढंच: ०.६ मधून ०.८ गुणिले ०.९ वजा करायचे, उरले उणे ०.१२. त्याला १ वजा ०.९ चा वर्ग, म्हणजे ०.१९ ने भागायचं. आले उणे ०.६३. हा सगळं एकाच मापात आणल्यावरचा सहगुणक. पहिल्यांदा बघून फाइल बिघडली असंच वाटलं होतं.

बिघडलं काहीच नाही. वाक्य पूर्ण वाचायला हवं होतं: कार्पेट तेवढंच असताना एक खोली जास्त. ६०० चौरस फूट ते ६०० चौरस फूटच, त्यात आणखी एक भिंत. दोन खोल्यांच्या तीन केल्या की पलंग लावला तर कपाटाचं दार उघडत नाही. पुण्यात घर शोधत फिरलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. भाडं कमी होणारच. उणे चिन्ह खरं बोलत होतं, मी "तेवढंच असताना" हे शब्द गाळून वाचत होते. मात्र त्या आकड्यावर फार भारही टाकता येत नाही. व्हीआयएफ, म्हणजे दोघं जुळलेले असल्याने अनिश्चितता किती फुगते ते माप, १ भागिले ०.१९, म्हणजे ५.२६, आणि त्याचं वर्गमूळ २.३. दोघं एकमेकांशी अजिबात जुळलेले नसते तर सहगुणकाची प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक तो साधारण किती हलतो ते) जेवढी आली असती, त्याच्या २.३ पट आता आहे. नमुन्यात थोडी घरं इकडची तिकडे झाली तरी तो हलतो.

महिनाभर ॲनोव्हा केला तेव्हा हा त्रास का झाला नाही, हे आज कळलं. तेव्हाची वही उघडली. कोथरूडहून स्टेशनला जायचे तीन रस्ते, प्रत्येकी चार दिवस, मिनिटांत, सगळे सरावाचेच आकडे. कर्वे रस्ता: ३०, ३२, ३४, ३६. म्हात्रे पूल, टिळक रस्ता: ३६, ३८, ४०, ४२. लॉ कॉलेज रस्ता: ३३, ३५, ३७, ३९. सरासऱ्या ३३, ३९, ३६ आणि एकूण ३६. गटांमधली वर्गबेरीज (सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज) ४ गुणिले (९ + ९ + ०) म्हणजे ७२, डीएफ (किती आकडे मोकळे ते, इथे ३ गट वजा १) २. गटांच्या आतली प्रत्येकी २०, एकूण ६०, डीएफ ९ (१२ वजा ३). ७२ भागिले २ म्हणजे ३६, ६० भागिले ९ म्हणजे ६.६७, त्यांचा भागाकार एफ ५.४, पी व्हॅल्यू (रस्त्यांत खरा फरक नसताना एवढा मोठा एफ निव्वळ योगायोगाने यायची शक्यता) ०.०२९. सगळ्या जोड्या एकत्र तपासणाऱ्या टुकीच्या कसोटीला दोन सरासऱ्यांमध्ये साधारण ५.१ मिनिटांचं अंतर लागतं. कर्वे रस्ता आणि टिळक रस्ता यांच्यात ६ आहे, तेवढीच जोडी टिकते. तीन जोड्यांना तीन सुट्या टी-टेस्ट (दोनच सरासऱ्यांची तुलना) लावायच्या नाहीत, त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तरी खोटा फरक दिसायची शक्यता ५ वरून १४ टक्क्यांवर जाते.

इथे प्रत्येक रस्त्याला चारच दिवस. समजा सोबत आठवड्याचा वारही घेतला असता आणि प्रत्येक रस्ता प्रत्येक वारी एकेकदा आला असता, तरी रस्ता आधी की वार आधी याने काही बदललं नसतं. सामाईक ताटच नाही. ॲनोव्हा घडवणारा संख्याशास्त्रज्ञ फिशर १९१९ पासून इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रावर होता. कुठल्या वाफ्याला कोणतं खत ते ठरवणं त्याच्या हातात होतं. वाफे समसमान वाटायचे, कोणाला कोणतं खत ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. वाटे आधीच वेगळे पडलेले असायचे, मग तक्ता स्वच्छ येणारच. बाणेर, कोथरूडच्या सदनिका अशा कोणी आखून बांधलेल्या नाहीत.

मोह होतो म्हणायचा, ॲनोव्हा सोपा आणि रिग्रेशन (वरच्या भाड्याच्या मॉडेलची पद्धत) लबाड. पण ते दोन नाहीतच. रस्त्यांचे ० आणि १ चे दोन रकाने करून तेच १२ आकडे रिग्रेशनमध्ये घातले: स्थिर पद (पायाच्या गटाची, इथे कर्वे रस्त्याची सरासरी) ३३, टिळक रस्ता अधिक ६, लॉ कॉलेज रस्ता अधिक ३, एफ तोच ५.४. तीन रस्त्यांना रकाने दोनच. स्थिर पद ठेवून तिसराही घातला तर आर एका सहगुणकापुढे एनए (उत्तर नाही) लिहून मोकळं होतं.

त्यातही दोन खड्डे आहेत. पायाचा गट बदलून लॉ कॉलेज रस्ता केला तर सहगुणक उणे ३ आणि अधिक ३ येतात, दोन्हींची टी १.६४, एकाही ओळीत तारा (फरक योगायोगाचा वाटत नाही अशी खूण) नाही. खाली एफ मात्र ५.४ वरच. नुसते तारे बघणाऱ्याला वाटेल, रस्त्याने काही फरकच पडत नाही. दुसरा खड्डा, रस्ते १, २, ३ असे लिहून फॅक्टर करायला (ही नुसती नावं आहेत, असं आरला सांगायला) विसरणं. मग आर त्यांना खरे आकडे समजून त्यांतून एक सरळ रेघ ओढतं आणि ५.४ चा एफ १.५८ वर येतो. ओळखायची खूण डीएफ. तीन गटांना २ हवा. १ दिसला की थांबायचं.

इथेही तेच, शेजारी कोण बसलंय त्यावर आकडा बदलतो. मी मात्र आकडा एकट्याचा म्हणून वाचत राहिले, तीन महिने. स्वाध्यायात पूर्ण गुण होते. त्या गुणांचं काय करायचं कळत नाही.

साडेबारा. मघापेक्षा बरं वाटतंय. ०.२८४ सामाईक आहे, हेसुद्धा उत्तरच आहे आणि डेटानेच दिलेलं आहे. दोघांत वाटून द्यायची जबाबदारी माझी नव्हती. क्रम लावायचाच असेल तर कारण हवं: इमारत बांधताना आधी क्षेत्रफळ ठरतं, मग भिंती, म्हणून कार्पेट आधी. आणि ते कारण तक्ता बघायच्या आधी वहीत लिहिलेलं हवं.

दादा झोपला असेल. मेसेज लिहून ठेवलाय, सकाळी पाठवते. "दादा, मघाचे ३६ टक्के धरू नकोस. कार्पेट आणि खोल्या मिळून ७१.६. त्यात निव्वळ कार्पेटचे ३५.६, निव्वळ खोल्यांचे ७.६, उरलेले २८.४ दोघांचे मिळून, ते सुटे होत नाहीत. आणि तुझा दोनच्या तीन खोल्या करायचा विचार आहे ना, त्याबद्दल फोन कर."