मी गेलो की घर सावरून बसतं

रविवार, रात्री

संध्याकाळी मंडळीतल्या, म्हणजे माझ्या चर्चच्या लोकांतल्या, एका घरी भेटीला गेलो, दारात चपला काढल्या आणि आतलं बोलणं तुटलं. टीव्ही बंद झाला, आजींनी पदर घेतला, कुणीतरी पळत जाऊन प्लास्टिकची खुर्ची पुसली. "सलाम, पाळकसाहेब, या ना." सगळं मायेनं केलेलं. कुणाचं काहीच चुकलं नाही, म्हणूनच मला ते सोडवत नाही. मी आत गेलो की घर सावरून बसतं. भांडण अर्ध्यावर राहतं, हसू आवरलं जातं. जसं असतं तसं चालू असलेलं घर मला दिसत नाही. मी बसतो ते माझ्यासाठी आवरलेल्या घरात.

मानधन उशिरा येतं, त्याचं एवढं लागत नाही. मंडळीकडून डायसिसला, म्हणजे बिशपच्या प्रांताला, जायचा वाटा थकला की पाळकाचा पगार अडकतो, हे या सेवेत उतरतानाच ठाऊक असतं. बदलीचंही तसंच. निघायचं मेमध्ये, तोवर मुलांचे शाळेतले मित्र... ते आत्ता नको.

लागतं ते हे एकटेपण. उपासना संपल्यावर दारात उभं राहून सगळ्या मंडळीशी हात मिळवायचा, प्रत्येकाच्या घरातलं काही ना काही आपल्याला माहीत असतं. कुणाच्या तपासणीचा रिपोर्ट वाईट आलाय, कुणाचा मुलगा पुन्हा प्यायला लागलाय, कुणाच्या सुनेनं माहेरची वाट धरलीय. यातलं एक अक्षरही बाहेर जाता कामा नये. मंडळीत जिवलग मित्र करावा, तर पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीच्या, पुढच्या सभेत जमिनीचा नाहीतर हिशेबाचा विषय निघतो आणि लोक पाहतात पाळकसाहेब कुणाच्या घरी जेवतात. म्हणजे हे अंतर कुणी मुद्दाम ठेवलेलं नाही. कामातूनच ते येतं. कळतं हे. तरी लागतं.

पाळक मोडतात ते बहुधा इथंच, आणि आवाज न होता. साठलेलं कुठंतरी पाझरतं. पहिली जागा व्यासपीठ. नाव बदलून, गाव बदलून संदेशात उदाहरण दिलं जातं, आणि तिसऱ्या बाकावरची बाई ओळखते की हे आपलंच. त्या दिवसापासून ती काही सांगत नाही, आणि तिच्या शेजारणीही सांगेनाशा होतात. म्हणून चालू मंडळीतलं उदाहरण संदेशात कधीच घेऊ नये, चांगलं असलं तरी. कौतुकाच्या उदाहरणानंही दुसऱ्या घराला टोचतं. भेटींच्या वहीत तारीख आणि घर, एवढंच लिहावं. काय बोलणं झालं ते लिहू नये, कारण बदली झाली की वही मागं राहते. दुसरी जागा स्वतःचं स्वयंपाकघर. पाळकीणबाईंना रोज रात्री मंडळीतलं सगळं ऐकवलं, तर दुसऱ्या दिवशी महिला मंडळात त्यांनी त्याच चेहऱ्यांकडे कसं पाहायचं? त्यांच्या वाट्याचं एकटेपण माझ्याहून मोठं आहे, त्यावर लिहायला आज बळ नाही.

तिसरी जागा म्हणजे नुसतं काम. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) १२ ते ३ च्या उपासनेतले वधस्तंभावरचे सातही उद्गार एकट्यानं घ्यायचे, नाताळात रात्ररात्र गाण्याच्या फेऱ्यांबरोबर हिंडायचं, सोमवारची सुट्टी दफनविधीत गेली तर तिच्या बदल्यात दुसरा दिवस घ्यायचा नाही. हे निष्ठेसारखं दिसतं. मला ते निष्ठेपेक्षा रिकाम्या खोलीत न बसण्याची धडपड वाटतं.

बायबलातलं पौलाचं तीमथ्याला दुसरं पत्र आज पुन्हा काढलं. शेवटचा, चौथा अध्याय. सोबती देमास सोडून गेला, जवळ एकटा लूक आहे, असं लिहितो. मग मागतो काय? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तकं, त्यातही चर्मपत्रं. मार्कालाही घेऊन ये, आणि हिवाळ्याच्या आत ये. एवढा मोठा प्रेषित, पण एकटेपण झाकत नाही आणि त्याचं तत्त्वज्ञानही करत नाही. गरम कपडा, वाचायला काही आणि दोन माणसं. मी इतकं साधं मागणं कधी कुणाकडे केलं असतं तर. पण मागायचं कुणाकडे, इथं येऊन पुन्हा अडतं.

दिवा मालवून पडलो होतो, पुन्हा उठलो. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं वाटेतच गेले. त्या तेरा वर्षांत त्यांच्या सुवार्तेला किती थोडी घरं उघडली. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. त्यानंतर काही वर्षं त्यांचं स्वतःचंच घर त्यांना दुरावलं. पत्नी लक्ष्मीबाई परत आल्या त्या सगळं सोसून, आपल्या पायांनी. त्यांच्यासाठी खुर्ची कोण पुसणार होतं? माझ्यासाठी पुसली जाते. आजींनी माझ्यासाठी पदर घेतला नव्हता. मी ज्याच्या नावानं दारात उभा होतो त्याच्यासाठी घेतला होता. हे ध्यानात आलं तसं छातीवरचं थोडं उतरलं. सगळं नाही. पण अशा घरात बसायला मिळणं ही तक्रार करायची गोष्ट नाही, एवढं आता मनापासून म्हणू शकतो.

शिवाय घर जास्त सावरून बसतं ते भेट कारणानं झाली की. आजार, भांडण, वर्गणी, नाहीतर सहा महिने चर्चला आले नाहीत म्हणून. पाळक फक्त अशाच वेळी दिसले तर दारात पाऊल पडताच लोक धास्तावणारच. काही कारण नसताना जावं. बायबल हातात न धरता पिशवीत ठेवावं, आल्याआल्या प्रार्थना सुरू करू नये, पंचवीस मिनिटांत उठावं. प्रार्थना शेवटी, लहान, आणि त्या घरात आत्ताच ऐकलेल्या एकाच गोष्टीसाठी. घरात एकटी बाई असेल तर मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांपैकी, कुणाला तरी बरोबर घ्यावं, नाहीतर उंबऱ्यावरूनच चौकशी करून परतावं. दवाखान्यात सात-आठ मिनिटं पुरेत. रुग्णाला मान वळवावी न लागता दिसू अशा ठिकाणी उभं राहावं, हात ठेवण्याआधी विचारावं. स्तोत्र १२१ आठच ओव्यांचं आहे, वेदनेतला माणूसही तेवढं शेवटपर्यंत ऐकू शकतो.

आणि पाळकाला पाळक हवाच. तो मंडळीबाहेरचा असावा, शक्यतो दुसऱ्या पंथाचा, म्हणजे बदल्या आणि बिशप हा विषय निघत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या फादरांशी तसं ठरलंय: महिन्यातून एक सोमवार, फोन बंद, आधी जेवण, मग एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना. मंडळीतल्या कुणाचं नाव तिथंही घ्यायचं नाही. आपल्याला काय होतंय तेवढंच बोलायचं. गेले दोन सोमवार टळले. उद्या सकाळच्या एसटीनं जातो.

उरला भेटींचा भार. मोशे एकट्याला हे लोक पेलवत नाहीत म्हणाला, तेव्हा बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात त्याला सत्तर वडील जमवायला सांगितलं गेलं. याकोबाच्या पत्रातही आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं असंच आहे, एकट्या पाळकाला नव्हे. येत्या सभेत मांडणार आहे: गावाचे चार भाग, प्रत्येक भागाला दोन वडील, आजाऱ्याकडे पहिली भेट त्यांची आणि तीन दिवसांच्या आत माझी. खेड्यांवरच्या दोन मंडळ्या माझ्याकडेच राहतील, तिथं वडील कमी आणि म्हातारे आहेत. अडचण एकच दिसते. दोघे वडील गेल्या नाताळच्या जमाखर्चावरून एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दोघांची घरं एकाच आळीत आहेत. त्यांना वेगवेगळे भाग द्यायचे की मुद्दाम एकत्र जोडी लावायची, हे सभेआधी त्या दोघांना वेगवेगळं भेटून विचारावं लागेल.