शोधाची कसोटी

आज मज्झिम निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहातले अरियपरियेसन सुत्त पुन्हा सावकाश वाचले. त्यात बुद्ध भिक्खूंना स्वतःच्याच शोधाची हकिगत सांगतात. बरीच वर्षे निरनिराळ्या वाटा धुंडाळल्यानंतर मी बौद्ध धम्मापाशी का थांबले, याचे उत्तर मला या हकिगतीत सापडते.

गृहत्यागानंतर सिद्धार्थ गौतम आळार कालाम या ध्यानगुरूकडे गेले. त्याचा सिद्धान्त त्यांनी लवकरच आत्मसात केला आणि जिथे ‘काहीही नाही’ एवढेच भान उरते ती आकिंचन्यायतन नावाची ध्यानावस्थाही अनुभवली. आपण दोघे मिळून हा शिष्यसमुदाय सांभाळू, असे आळाराने सुचवले. पुढे उद्दक रामपुत्ताकडे त्यांनी त्याहून सूक्ष्म अवस्था साध्य केली, तेव्हा त्याने तर आचार्यपदच देऊ केले. दोन्ही ठिकाणांहून ते निघाले. त्या अवस्था खोट्या होत्या असे ते कुठेही म्हणत नाहीत; त्या वैराग्याकडे, उपशमाकडे, निर्वाणाकडे नेत नाहीत, एवढेच ते सांगतात.

माझ्या शोधाला नेमकी हीच कसोटी हवी होती. वेदान्ताने मला विचार करायला शिकवले, भक्तीने मन मऊ केले, दीर्घ मौनाने स्वतःची बडबड ऐकवली, आणि या सगळ्यांविषयी मला आजही कृतज्ञता वाटते. पण प्रत्येक ठिकाणी माझे मोजमाप एकच असे: अनुभव किती खोल गेला आणि किती काळ टिकला. तो ओसरला की पुढच्या वाटेची ओढ लागे. मग धम्मचक्कप्पवत्तन सुत्त, म्हणजे बुद्धांचा पहिला उपदेश, वाचनात आले, आणि दुःखाचे कारण सांगणाऱ्या दुसऱ्या आर्यसत्यात तृष्णेचे तीन प्रकार दिसले. त्यांतली कामतृष्णा कोणालाही सहज समजते. भवतृष्णा म्हणजे अमुक होण्याची, असत राहण्याची तहान. साधक, ज्ञानी, मुक्त म्हणून कोणीतरी होण्याची धडपडही तिच्यातच मोडते, असे मी समजते. तिसरी विभवतृष्णा, म्हणजे नाहीसे होण्याची इच्छा. ‘मी’पण एकदाचे विरून जावे, ही ज्या आकांक्षेला मी अध्यात्माचे शिखर समजत होते, तिचे नावही या यादीत होते. त्या दिवशी पुढे काही वाचवले नाही.

प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे दुःख कशातून कसे उपजते हे सांगणाऱ्या साखळीच्या, 12 कड्यांमध्ये स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा आणि तृष्णेतून उपादान, म्हणजे घट्ट धरून ठेवणे, असा क्रम आहे. वेदना, म्हणजे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली जाणीव, ही तर येणारच. पण ती येताच तिला धरू पाहणाऱ्या किंवा झटकू पाहणाऱ्या मनाकडे लक्ष गेले, तर पुढची कडी जुळलीच पाहिजे असे नाही. ध्यानात लाभणारी शांतीही एक सुखद वेदनाच आहे, हे कळल्यापासून ती आली तर बरे वाटते, आणि नाही आली तर त्या दिवसाचे बसणे वाया गेले असे वाटत नाही.

कालाम नावाच्या लोकांना बुद्धांनी केलेला उपदेश आजकाल फार सैलपणे सांगितला जातो, जणू ज्याला जे पटेल ते त्याने मानावे. परंपरा, ग्रंथ, तर्क किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावर विसंबू नका, हे बुद्ध तिथे सांगतात हे खरेच. परंतु लगेच लोभ, द्वेष आणि मोह यांनी माणसाचे हित होते की अहित, असे विचारून निकषही हाती देतात. स्वतःची आवड हाही तिथे पुरावा ठरत नाही, आणि ही अट मला स्वातंत्र्याइतकीच मोलाची वाटते.

सगळे पटले आहे असे मात्र नाही. नित्य आत्मा नाही आणि तरीही पुनर्जन्म आहे, ही मांडणी मला बुद्धीने समजते, पण ती अंगवळणी पडत नाही. जग शाश्वत आहे की अशाश्वत, मृत्यूनंतर तथागत (बुद्ध) असतो की नसतो, याची उत्तरे मिळाल्याशिवाय ब्रह्मचर्य, म्हणजे भिक्खूचे जीवन, पाळणार नाही, असे म्हणणाऱ्या मालुंक्यपुत्त या भिक्खूला बुद्धांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला: बाण मारणाऱ्याचे नाव, गोत्र, उंची कळेपर्यंत तो काढू न देणारा माणूस तोवर मरून जाईल. पुनर्जन्म काही त्या अनुत्तरित प्रश्नांच्या यादीत नाही, तेव्हा या दृष्टान्ताच्या आडोशाने मला तो टाळता येणार नाही. पण त्याच्यासाठी त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे, अडवून धरण्याचेही कारण उरलेले नाही.

पंचशीलातले खोटे न बोलण्याचे चौथे शील मला सर्वांत अवघड जाते, कारण समोरच्याला बरे वाटावे म्हणून अर्धसत्य बोलण्याची सवय जुनी आहे. आनापानसतीच्या, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या ध्यानाच्या, 16 पायऱ्यांपैकी कायेच्या पहिल्या चार पायऱ्यांवरच सध्या माझा सराव चालू आहे, आणि पुढे जाण्याची घाई वाटत नाही.