भूतानला जाताय? एकदा दरंगाच्या रस्त्याने जाऊन बघा

आपल्याकडची मंडळी भूतानला जातात म्हणजे बागडोगरा, जयगाव, फुन्त्शोलिंग, थिंफू, पारो आणि आले परत. टूरवाल्यांची पॅकेजं बघा, सगळीकडे हाच पाढा. आम्ही मुद्दाम पूर्वेकडून, आसाममधून गेलो, गुवाहाटी-रंगिया-तामुलपूर, मग सीमेवरचं दरंगा आणि पलीकडे भूतानचं सामद्रुप जोंगखार. कारण असं की ७ नोव्हेंबर २०२४ ला दरंगाला नवीन इंटिग्रेटेड चेकपोस्ट (इमिग्रेशन, कस्टम सगळं एका ठिकाणी) सुरू झालं, भूतानचे पंतप्रधान शेरिंग तोबगे स्वतः आले होते त्या कार्यक्रमाला, आणि तेव्हापासून तिसऱ्या देशाचे पासपोर्टवालेही इथून ये-जा करू शकतात. भारतीयांना तसंही व्हिसा वगैरे लागत नाही, पण ज्यांच्या घरात कुणी अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवाला आहे (आणि हल्ली कुणाच्या घरात नाही!) त्यांच्यासाठी हे मोठं काम झालंय. अर्थात त्यांना भूतानचा व्हिसा आधी काढावा लागतो, आणि परत भारतात शिरायचं असेल तर आपल्या बाजूचा व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) बरोबर हवं.

रस्ता सोपा आहे. गुवाहाटीहून ब्रह्मपुत्रा ओलांडून रंगिया, तिथून उजवीकडे वळून तामुलपूर, कुमारीकाटा आणि सरळ सीमा, साधारण शंभर किलोमीटर, गाडीने तीनेक तास धरा. ट्रेनने येत असाल आणि गाडी रंगिया जंक्शनला थांबत असेल तर गुवाहाटीपर्यंत जाऊच नका, तिथेच उतरा, पुढे शेअर गाड्या मिळतात पण भरल्याशिवाय हलत नाहीत, त्यामुळे सकाळी निघालेलं बरं. सगळा भाग बोडोलँडचा, म्हणजे आसाममधल्या बोडो लोकांच्या स्वायत्त प्रदेशाचा, भाताची खाचरं, सुपारीच्या बागा, दारात हातमाग, आणि समोर एकदम भिंतीसारखा उभा राहिलेला भूतानचा डोंगर. मैदान संपतं तिथेच देश संपतो. निघायच्या आदल्या दिवशी बंदबिंद नाही ना एवढं मात्र गाडीवाल्याला विचारून घ्या.

आता मला सगळ्यात जास्त इंटरेस्ट होता तो या चेकपोस्टबद्दल तिथल्या लोकांना काय वाटतं यात. दरंगा मेला नावाचा बाजार आहे सीमेला लागून. नावातच मेळा आहे कारण इंग्रजांच्या काळापासून थंडीत भोटिया, म्हणजे भूतानकडचे, व्यापारी डोंगरातून खाली उतरायचे आणि इथे मोठी जत्रा भरायची. म्हणजे धंदा इथल्या लोकांना नवीन नाही, मधल्या काळात तो थंडावला होता एवढंच. नव्वदच्या दशकात आसाममधल्या उल्फा आणि बोडो या सशस्त्र बंडखोर संघटनांचे कॅम्प पलीकडच्या जंगलात होते, शेवटी डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने कारवाई करून ते उठवले. थिंफूजवळ दोचुला खिंडीत १०८ स्तूप आहेत ना, जिथे आपले सगळे लोक फोटो काढतात, ते त्या लढाईत गेलेल्या भूतानी सैनिकांसाठी बांधलेत, हे किती गाइड सांगतात कोण जाणे. मग जरा बरे दिवस आले तर २०२० मध्ये कोविडला गेट बंद, ते उघडलं थेट २३ सप्टेंबर २०२२ ला. अडीच वर्षं! ज्या दुकानाचं गिऱ्हाईकच गेटपलीकडून येतं त्याचं काय झालं असेल विचार करा.

त्यामुळे आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यातला एकही माणूस चेकपोस्टच्या विरोधात नव्हता. चहाच्या टपरीवरच्या बाईंना आम्ही तिकडच्या पद्धतीने बाइदेउ (म्हणजे ताई) म्हणायला लागलो तर त्या खुलल्याच, त्यांचा मुलगा ट्रकवर आहे आणि आता त्याला गुवाहाटीत भाडं शोधत बसावं लागत नाही म्हणाल्या. किराणावाले दादा मात्र जरा सावध. त्यांचं म्हणणं असं की पूर्वी पलीकडची बाई पिशवी घेऊन चालत यायची, भाजी, तेल, कपडे घेऊन परत जायची, आता कागद बघतात, नोंद करतात, त्यामुळे सहज येणारं गिऱ्हाईक कमी झालं, मोठा माल मोठ्या गाडीतून परस्पर जातो, आमच्या दुकानासमोर राहते ती धूळ. पण चेकपोस्ट नको का, विचारलं तर लगेच, नाही नाही, हवंच, अजून मोठं करा, फक्त इथे लोकांनी थांबावं असं काहीतरी करा.

मला दादांचं पटलं. आपल्याकडे जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे नाके उठले, ट्रक थांबायचे बंद झाले आणि तिथले ढाबे, पंक्चरवाले, टपऱ्या बसल्या, तसंच आहे हे. नवीन चेकपोस्टमध्ये वजनकाटा, गोदाम, पार्किंग सगळं एका आवारात आहे, म्हणजे काम भराभर होणार, जे चांगलंच आहे, पण रांगेवर चालणारा धंदा रांग गेल्यावर कसा चालणार? तिथे फिरून माझं मत असं झालं की या बाजाराला ट्रकपेक्षा मुक्कामाला राहणारा प्रवासी जास्त तारेल. पलीकडे पूर्व भूतानात बटाटा, संत्री, जिप्सम, कोळसा असा माल आहे, तो येतच राहील. पण होमस्टे, चांगलं जेवण, गाडीभाडं, गाइड हे पैसे गावात राहतात. शेजारीच बरनदी अभयारण्य आहे जिथे पिग्मी हॉग, म्हणजे जगातलं सगळ्यात छोटं रानडुक्कर, परत सोडलंय, बोगामाटीसारखी नदीकाठची जागा आहे, पण सीमेवर याचा एक धड बोर्ड दिसला नाही.

सामद्रुप जोंगखार म्हणजे गेट ओलांडलं की एकदम शांतता, हॉर्न नाही, कचरा नाही, झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या चक्क थांबतात. गाव छोटं, झांगदोपेलरी मंदिर बघायचं, संध्याकाळी बाजारात फिरायचं, एमा दात्शी खायची (मिरचीची भाजी आहे ती, मिरची घातलेली नाही, कोल्हापूरकरांनीही जपून). हिंदी सगळ्यांना येते. दुकानदारांचं इथेही तेच, थिंफूवाल्यांना सगळे टुरिस्ट मिळतात, पूर्वेकडे कोण येतंय, म्हणून नवीन चेकपोस्टवर त्यांची भलतीच आशा आहे.

आता कामाच्या गोष्टी. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधार चालत नाही, हे दहा वेळा सांगितलं तरी लोक आधारच घेऊन जातात. पासपोर्ट निदान सहा महिने व्हॅलिड हवा. मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला. पुढे डोंगरात जायचं तर परमिट आणि माणशी रात्रीला १२०० रुपये एसडीएफ (भूतान सरकार पर्यटकांकडून घेतं ती फी), ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. फक्त सीमेवरच्या गावापुरतं फिरून येणार असाल तर एसडीएफची सूट आहे, पण किती वेळ आणि कुठल्या चेकपोस्टपर्यंत ते इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारूनच पाऊल टाका. आपली गाडी पुढे न्यायचा विचार असेल तर दिवसाला ४५०० रुपये फी आहे, त्यापेक्षा तिकडची टॅक्सी परवडते, आणि तेवढाच तिथल्या ड्रायव्हरला धंदा. शंभरच्या नोटा भरपूर ठेवा, रुपया आणि न्गुलत्रुम (भूतानचं चलन) सारखेच चालतात, भीम यूपीआयही बऱ्याच दुकानांत चालतं पण त्याच्या भरवशावर राहू नका. घड्याळ अर्धा तास पुढे जातं, सरकारी ऑफिसची वेळ त्यांच्या घड्याळाने धरा, आणि शनिवार-रविवारी परमिटच्या कामाला जाऊ नका.

त्राशीगांगपर्यंतचा रस्ता साधारण १८० किलोमीटर आहे पण नुसती वळणं, अख्खा दिवस जातो, पावसाळ्यात दरडी पडतात म्हणून ऑक्टोबर ते मार्च बघा. गाडी लागणारे कुणी बरोबर असतील तर देवथांगला थांबत थांबत जा. वेळ असेल तर इथून आत शिरून बुमथांग, थिंफू करत फुन्त्शोलिंगला बाहेर पडा, त्याच रस्त्याने परत यायची गरज नाही. आणि दरंगाला पोचलात की लगेच गेटकडे पळू नका, जेवण अलीकडे करा, फळं-पाणी अलीकडून घ्या, जमलं तर एक रात्र तामुलपूरच्या बाजूला काढा. होमस्टे आहेत पण ऑनलाइन सगळे सापडत नाहीत, टपरीवर विचारलं की कुणीतरी फोन लावून देतं.