बेडफर्ड स्क्वेअरमधील घराची प्रतिकृती (१:२४): खिडक्या आणि दरवाजा

लंडनच्या बेडफर्ड स्क्वेअरमधील तीन खिडक्यांच्या रुंदीच्या घराचा दर्शनी भाग आता आकाराला आला असून, या टप्प्यातील बहुतेक वेळ खिडक्यांनीच घेतला. हा चौक १७७५ ते १७८३ या काळात, म्हणजे १७७४ चा इमारत कायदा ताजा असताना बांधला गेला, आणि त्या कायद्याची खूण प्रत्येक खिडकीवर आहे. आगीच्या भीतीने १७०९ च्या कायद्यानेच लाकडी चौकटी भिंतीच्या दर्शनी पातळीपासून चार इंच आत घ्यायला लावल्या होत्या. पुढे १७७४ मध्ये, वरखाली सरकणाऱ्या तावदानांची वजने ज्या लाकडी पेटीत लोंबतात, ती पेटीही विटांच्या मागे दडवणे बंधनकारक झाले. त्यामुळे बाहेरून लाकडाची जेमतेम एक पट्टी दिसते.

आपल्या प्रमाणात चार इंच म्हणजे सुमारे सव्वाचार मिलिमीटर. तीन मिलिमीटर जाडीचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फळा) आणि त्यावर विटांचा सव्वा मिलिमीटरचा थर घेतला की ही खोली आपोआप साधते. मात्र भिंतीतील पोकळी चौकटीपेक्षा अरुंद कापून चौकट मागच्या बाजूने चिकटवावी लागते. पुढून बसवलेल्या चौकटीची सावलीच पडत नाही, आणि मग घर खेळण्यातले दिसते, असे माझे स्पष्ट मत आहे. काचेचा एकसंध पत्राही मी टाळला. त्या काळच्या क्राउन काचेला, म्हणजे फुंकून आणि फिरवून पसरवलेल्या काचेला, किंचित बाक असे, म्हणून प्रत्येक तावदानाचा ॲसिटेटचा (पारदर्शक प्लॅस्टिकचा) तुकडा वेगळा कापून एखाद्या केसाएवढा तिरपा बसवला आहे; दिव्याखाली प्रतिबिंब तावदानागणिक तुटते.

विटा फ्लेमिश बॉन्डमध्ये, म्हणजे एकाच थरात एक लांब बाजू दिसणारी आणि एक आखूड तोंड दिसणारी अशा आलटूनपालटून आहेत. त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

दरवाजाची गंमत मात्र निराळी आहे. त्याच्या भोवतीचे ठोकळे दगडाचे वाटतात, पण ते लँबेथ येथील एलिनॉर कोड यांच्या कारखान्यात भाजलेल्या मातीचे, म्हणजे कोड स्टोनचे आहेत. किड्यांनी पोखरल्यासारखी त्यांची नक्षी एपॉक्सी पुट्टी अर्धवट घट्ट झाल्यावर बोथट सुईने कोरली. कमानीच्या मधल्या ठोकळ्यावरील दाढीवाला चेहरा अजून बाकी आहे. तो झाल्यावर तळघरासमोरच्या खोलगट अंगणाचे लोखंडी कठडे हाती घेईन.